अक्काला ऐकू येतं

"अक्का, आहात का घरात?"

उंबऱ्याबाहेर चपला काढून मी पुन्हा हाक मारली. आत दाराकडे पाठ करून एक बाई लसूण सोलत बसली होती आणि तिच्या भोवती चार-पाच मुलं पसरलेली होती. मुलांनी माझ्याकडे पाहिलं, बाईने नाही. मी आवाज चढवला तरी तिने मान वळवली नाही. शेवटी फ्रॉकची बटणं एकाआड एक चुकलेली एक मुलगी उठली, बाईच्या समोर जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बोट केलं. तेव्हा ती वळली.

"समोरून यायचं वो," ती म्हणाली. गल्लीच्या टोकाला ऐकू जावा असा आवाज होता. "पाठीमागनं हाक मारायची आमच्यात रीत न्हाई. पाठीमागनं भुतं हाका मारत्यात."

ती अंबाक्का हावळ. सगळी गल्ली तिला नुसतं अक्का म्हणायची.

त्या वर्षी माझ्याकडे परवान्याची मुदत संपलेल्या पाळणाघरांच्या तपासणीचं सरकारी काम आलं होतं. पंचगंगेच्या काठचं ते शहर यंत्रमागांचं. बायका कांडी मशीनवर सूत भरायला नाहीतर सूतगिरणीत पाळीवर जायच्या आणि मुलं गल्लीतल्या पाळणाघरात ठेवायच्या. पाळणाघराचा परवाना एकदा निघाला की पुन्हा त्याच्याकडे कुणी पाहत नसे. खरं तर आमचं कार्यालयही पाहत नसे. मग दुसऱ्या एका जिल्ह्यात पाळणाघरात काहीतरी वाईट घडलं आणि वरून आदेश आला, की महिनाअखेरपर्यंत नूतनीकरण झालं नसेल तिथे कुलूप घालायचं. कुंभोजकर साहेबांनी फायलींचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "तुम्ही फिजिक्सवाल्या. तुमच्या हातून चूक होणार नाही," म्हणाले. हे कौतुक होतं की काम ढकलण्याची युक्ती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अक्काच्या फायलीत बाकी सगळं जागच्या जागी होतं. पाणी तपासलेलं होतं, विजेची जोडणी तपासलेली होती, खिडकीला जाळी होती. राहिला होता फक्त एक दाखला.

"डॉक्टरांचा दाखला द्यायचाय, अक्का," मी समोर बसत म्हटलं. "तुमचाच. डोळे, कान, छाती."

ती माझ्या ओठांकडे इतकी निरखून पाहत होती, की काही लागलंय की काय म्हणून मी तोंडावरून हात फिरवला.

"हात काढा तोंडावरचा," ती म्हणाली. "आन् जरा तोंड उघडून बोला. मुंगी बरी बोलती तुमच्यापरास."

मुलं हसली. मीही हसले. त्या शहरात मला याची सवय झाली होती. मागांच्या खडखडाटात जन्म काढलेली माणसं घरातही ओरडूनच बोलत आणि समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवत. मागांच्या शेडमध्ये दुसरा उपायच नसतो. मी वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी तोंड उघडून.

"मला काय धाड भरलीया? घोड्यावाणी हाय मी."

"तेच डॉक्टरांनी लिहून द्यायचं."

"बघू की," असं म्हणता म्हणता तिने लसणाचं ताट बाजूला सारलं. "उठलं बगा."

"कोण उठलं?"

ती पडद्याआड गेलीही. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी तिच्यामागून गेले. पडद्यापलीकडे लोखंडी चौकटींना टांगलेले चार पाळणे होते. शेवटच्या पाळण्यातल्या बाळाने पाय ताठ केले, तोंड वेडंवाकडं केलं आणि मग कुठे रडायला सुरुवात केली. तोवर अक्काचा हात त्याच्या पाठीखाली गेला होता.

"आयान म्हंत्यात ह्येला," ती त्याला खांद्यावर टाकत म्हणाली. "वाडवडील सरदार असणार. दूध यायला उशीर चालत न्हाई."

दोऱ्या मी त्याच दिवशी पाहिल्या होत्या. प्रत्येक पाळण्याला पांढऱ्या सुताची, घरीच पीळ दिलेली दोरी बांधली होती. चारही दोऱ्या पडद्याखालून बाहेर अक्काच्या बसकरापर्यंत आल्या होत्या. बसल्यावर ती दोन दोऱ्या पायाच्या अंगठ्यांत अडकवायची, दोन डाव्या हाताच्या बोटांत. हाताने लसूण सोलायची, भाजी निवडायची, आणि मधूनच अंगठा हलवला की आत पाळणा झुलायचा. काय सोपी रचना आहे, एवढंच माझ्या मनात आलं.

बाहेर पडताना आयानची आई भेटली. हसीना. केसांत, भुवयांवर कापसाची पांढरी लव.

"अक्कांना ऐकायला कमी येतं का?" मी विचारलं.

"माणसांचं न्हाई येत," ती म्हणाली. "पोरांचं सगळं येतं. माझं दुसरं पोरगं हे, मॅडम. पयलंबी इथंच वाढलं. घरात मी शेजारी निजलेली असते तरी मला उशिरा जाग येते. अक्का रडायच्या आधी उठते."

"माणसांचं नाही आणि मुलांचं येतं, असं कसं?"

"आता ते मला काय माहीत? शाळा तुम्ही शिकलाय."

*

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. महिनाअखेर जवळ आली होती. मी अक्काच्या समोर बसले आणि सावकाश, तोंड उघडून सांगितलं, की दाखला आला नाही तर मलाच येऊन दाराला कुलूप लावावं लागेल.

तिने एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "डॉक्टर लिवून देतील का, मला ऐकू येतंय म्हणून? शिक्का मारून?"

"ऐकू येत असेल तर देतील."

"सरकारी शिक्का?"

"हो."

"मग चला," ती म्हणाली. शेजारणीला मुलांपाशी बसवलं, दोऱ्या तिच्या हातात दिल्या, इरकली लुगडं नेसली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसली. रस्ताभर ती माझ्या पाठीशी ओरडून बोलत होती आणि मी काय उत्तर देते याची तिला गरज वाटत नव्हती.

कानाची तपासणी काचेच्या एका खोलीत होते. आत अक्का कानांवर यंत्र लावून बसली, बाहेर डॉक्टर मगदूम. आवाज आला की बोट वर करायचं, असं तिला समजावलं होतं. डॉक्टरांनी बटण दाबलं की तिचं बोट वर. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. मला हायसं वाटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. आता त्यांचा हात तिला दिसत नव्हता. ते बटण दाबत राहिले. काचेपलीकडे अक्का ताठ बसली होती, शाळेच्या फोटोला बसावं तशी, आणि तिचं बोट मांडीवरून हललं नाही.

"मागावर किती वर्षं होत्या?" त्यांनी मला विचारलं.

"लग्नाआधीपासून."

"मग बरोबर आहे. दोन्ही कान गेल्यासारखे आहेत. अयोग्य लिहावं लागेल, मॅडम."

"पण मुलांचं रडणं त्यांना ऐकू येतं. मी स्वतः पाहिलंय."

"पाहिलंय?"

"मला ऐकू यायच्या आधी त्या उठून गेल्या."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यंत्र सांगतं त्याच्यापलीकडे काही नसतंच असं मी म्हणणार नाही. असं करा. एक दिवस तिथे बसा. मूल रडलं आणि या बाई आवाजावर गेल्या, एवढं तुम्ही पाहून मला लिहून द्या. मी 'मदतनीसासह योग्य' असं लिहितो. त्यावर तुमचं नूतनीकरण होईल ना?"

"होईल."

"पण नीट पाहा," ते म्हणाले. "आवाजावर गेल्या पाहिजेत."

बाहेर रसवंतीवर आम्ही उसाचा रस घेतला. मी डॉक्टरांचं म्हणणं तिला सांगितलं. अयोग्य हा शब्द मी गाळला, पण तिने तो माझ्या चेहऱ्यावर वाचला असणार.

"त्या डब्यातलं कुणाला ऐकू येतंय," ती म्हणाली. "ते काय माणसाचं बोलणं हाय? लेकराचं रडणं लावलं असतं त्यात तर बोट केलं असतं मी वर. माणसांचं गेलं माझं, ते मला ठावं हाय. देवानं तेवढं ठिवलंय, लेकरांचं."

"शिक्का कशाला हवा होता, अक्का? नुसत्या परवान्यासाठी?"

तिने पेला खाली ठेवला. मिशीसारखा उमटलेला फेस पदराने पुसला.

"मला लेक हाय. शैला. जावई भिवंडीत जॉबर हाय, माग दुरुस्त करतोय. शैला बाळंतपणाला आली हुती माझ्याकडं. ओंकार झाला. म्या म्हनलं, पोराला ठिव माझ्याकडं, वरीसभर, तू जा कामाला. साऱ्या गल्लीची पोरं मी सांभाळत्या. तर म्हणली, आई, तुला ऐकू येत न्हाई. म्या म्हनलं, माणसांचं येत न्हाई, पोरांचं येतंय. म्हणली, न्हाई येत. कुणाचंच येत न्हाई." तिने पेला लांब सारला. "लई बोलले मी तिला. म्हनलं, लोकांची पोरं चालतात मला आन् तुझं तेवढं सोन्याचं का? आईला बहिरी म्हणतीस, तुझी जीभ झडंल. असलं बोलू नये, ते बोलले. पोराला काखोटीला मारून त्याच दिशी गेली. पुन्ना आली न्हाई."

"फोन?"

"फोनवर तोंड कुटं दिसतंय?"

रसवाला घुंगरं वाजवत चरक फिरवत होता. अक्काची त्याच्याकडे पाठ होती.

"सरकारनं लिवलं की तिला पटंल," ती म्हणाली. "तो कागद मी तिला धाडणार हाय. म्हणणार न्हाई काय. नुसता कागद धाडणार."

*

ठरलेल्या दुपारी मी जेवूनच गेले. अक्काने माझ्यासाठी खुर्ची मागून आणली होती. मुलांना तेल-पावडर केली होती. चुकलेल्या बटणांची मुलगी, तिला सगळी बिट्टी म्हणत, आज बटणं नीट लावून बसली होती. तिला सांगून ठेवलं होतं, की मॅडम परीक्षा घ्यायला येणार आहेत.

"तुमची नाही गं, अक्काची परीक्षा," मी म्हटलं.

"अक्का पास होणार," बिट्टी म्हणाली.

अक्का बसकरावर बसली. सवयीने चारही दोऱ्या अडकवल्या आणि सूप पुढे ओढून तांदूळ निवडायला घेतले. मी अशी बसले होते, की पडद्याच्या फटीतून पाळणे दिसावेत आणि अक्काही दिसावी. आयान आणि आणखी एक तान्ही मुलगी झोपलेली होती. मागच्या शेडमधून मागांचा आवाज भिंतीतून येत होता, सगळ्या गावात येतो तसा.

थोड्या वेळाने ती तान्ही मुलगी कुरकुरली. अगदी बारीक, मांजराच्या पिलासारखी. अक्का सूप ठेवून उठली आणि आत गेली.

मला इतका आनंद झाला, की मी पिशवीतून कागद काढला आणि तारीख घातली. तिने मुलीला थोपटून निजवलं. बाहेर येऊन माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. पुन्हा दोऱ्या अडकवल्या. पुन्हा सूप पुढे घेतलं. ओठ मात्र हसू दाबत होते.

मी वाक्य जुळवत होते आणि जुळवता जुळवता नजर तिच्या पायावर होती. उजव्या अंगठ्याला आयानच्या पाळण्याची दोरी. तो अंगठा ताठ झाला. दोरी हलली नव्हती, म्हणजे डोळ्याला दिसेल इतकी नव्हती. अक्काने सूप ठेवलं. "उठला सरदार," म्हणाली. आणि ती अर्ध्या वाटेत असताना आयान रडला.

लहानपणी आम्ही काड्यापेटीच्या दोन खोक्यांमध्ये दोरा ताणून टेलिफोन करायचो. दोरा ताणलेला असला तर ऐकू यायचं, सैल पडला की नाही. पुढे कॉलेजात त्याचं गणित शिकले. रडण्याआधी बाळ अंग ताठ करतं, पाय झाडतं; पाळणा थरथरतो, ताणलेली दोरी ते घेऊन येते. आणि अक्काचं बोट आयुष्यभर सुतावर राहिलेलं. कांडी भरताना धागा तुटल्याचं त्या बायकांना डोळ्याआधी बोटाला कळतं, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं.

मी पेनला टोपण लावून ठेवलं.

डॉक्टर म्हणाले होते, आवाजावर गेल्या पाहिजेत. अक्काला मुलांचं ऐकू येतं, हे मला खोटं ठरवायचं नव्हतं, खरं ठरवायचं होतं. दोरीही सांगत असेल आणि कानही सांगत असेल. तसं असू शकतं. एकच गोष्ट वेगळी करून पाहिली की कळतं. हे मला शिकवलेलं होतं आणि मला दुसरं काही करता येत नव्हतं.

आयान पुन्हा झोपल्यावर मी अक्काच्या समोर जाऊन बसले. "अक्का, एकदा दोऱ्या न बांधता बसाल?"

"दोऱ्या?" ती हसली. "त्येचा काय संबंध? ते तर झुलवायला हाय. शैला तान्ही हुती तवापासनं, शेडात खांबाला झोळी बांधून दोरी अंगठ्याला लावायची मी, हात कांडीवर. ती सवय. सोडा की. काय बिगाडतंय."

तिने स्वतःच दोऱ्या सोडवल्या. बोटांभोवती गुंडाळून त्यांच्या चार लहान गुंड्या केल्या आणि बसकराखाली सारल्या. मग नुसतीच कशाला बसायचं म्हणून तिने मला तिच्या सासूची गोष्ट सांगायला घेतली. सासू इतकी तिखट होती, की शेडचा मालक तिला बघून रस्ता बदलायचा. अक्का ती गोष्ट फार छान सांगत होती. मालकाची चाल करून दाखवत होती.

आयान कुरकुरला.

अक्का मालकाच्या धोतराचा सोगा सावरून दाखवत होती. मुलं हसत होती.

आयान रडू लागला. आधी थांबून थांबून, मग एकसारखा. मुलांचं हसणं बंद झालं. त्यांनी अक्काकडे पाहिलं, मग पडद्याकडे. बिट्टी अर्धवट उठली आणि माझ्याकडे पाहून पुन्हा बसली. परीक्षेत सांगायचं नसतं, हे तिला कुणीतरी शिकवलं असणार. आतलं रडणं वाढलं. ती तान्ही मुलगीही उठली आणि दोघं मिळून रडू लागली. त्या एका खोलीच्या घरात त्यापुढे मागांचाही आवाज उरला नव्हता, आणि अक्का म्हणाली, "तर सासू काय म्हणाली त्येला, सांगू?"

मी मान हलवली की नाही, आठवत नाही.

अक्का बोलता बोलता माझ्या चेहऱ्यावर थांबली. हसू तिच्या तोंडावर तसंच होतं, नुसतं राहून गेलेलं. तिने मुलांकडे पाहिलं. सगळी तिच्याकडेच पाहत होती.

"काय झालं?"

माझी नजर पडद्याकडे गेली.

"रडतंय?" तिने विचारलं. नेहमीच्याच मोठ्या आवाजात. "मॅडम, रडतंय का?"

"हो."

"आता?"

"मघापासून."

ती उठली. पडदा सारला आणि पाळण्याशी जाऊन उभी राहिली. आयानचं तोंड उघडं होतं, चेहरा लाल झाला होता, कपाळावरची शीर दिसत होती. तिने त्याला लगेच उचललं नाही. ती त्याच्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिली, माझ्या तोंडाकडे पाहायची तसंच, जणू तिथे काहीतरी वाचायचं राहून गेलंय. मग वाकून त्याला छातीशी घेतलं. घेताच तिचा चेहरा एकदम उजळला.

"आता येतंय," ती म्हणाली. "ह्ये काय, आता येतंय ऐकू मला."

आणि मग तिने स्वतःच खाली पाहिलं. आयानच्या पाठीवर पसरलेल्या आपल्या पंजाकडे.

मी त्या तान्ह्या मुलीला घेतलं. दोघींनी दोघांना थोपटून शांत केलं. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण मुलगी माझ्या खांद्यावर झोपत आली होती.

"मग इतकी वर्सं," अक्का म्हणाली, "मी काय ऐकत हुते?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ती ओठ वाचत होती, आणि खोटं बोलताना माझे ओठ कसे दिसतात हे मला माहीत नव्हतं.

"दोरी," मी म्हटलं.

तिने बसकराखालून एक गुंडी काढली. थोडी उलगडली, दोन बोटांत ताणून धरली, सोडली. मला वाटलं होतं समजावून सांगावं लागेल. तशी गरज पडली नाही. सूत काय करतं हे तिला माझ्यापेक्षा आधी माहीत होतं. फक्त आपल्याला ऐकू येतं ते हे सूतच आहे, हे माहीत नव्हतं.

"अक्का, मदतनीस ठेवता येईल," मी म्हटलं. "ऐकू येणारी कुणीतरी. हसीनाची बहीण आहे. डॉक्टरांना मी सांगते. परवाना—"

"एकांद्या दिशी दोरी तुटली असती तर?"

"तुटली नाही."

"तुटली असती तर, मॅडम?" ती म्हणाली. "मी हितं तांदूळ निवडत बसले असते. हसत." तिने आयानचं डोकं आपल्या गळ्याशी नीट टेकवलं. "लिवा तुमी. न्हाई येत म्हणून लिवा. परवाना नको."

"मुलांच्या आयांना काय सांगायचं?"

"मी सांगते. संध्याकाळी येतील, तवा सांगते. तुमी असाल न्हवं तवर?"

"आहे मी."

पुढे ते पाळणे शेजारच्या गल्लीतल्या पाळणाघराला गेले, आणि मुलंही त्यांच्यामागून गेली. हसीना माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही. पण ते नंतर. त्या दुपारी अक्का भिंतीशी गेली. तिथे खडूने एक फोन नंबर लिहिलेला होता, दिवाळीच्या रंगातही त्याच्याभोवती चौकोन सोडून भिंत रंगवली होती.

"म्हंजे शैला खोटं बोलत न्हवती," ती म्हणाली. "लावा हा नंबर. तुमच्या फोनवरनं लावा."

"अक्का, आज नको. थोडं—"

"लावा."

मी लावला. स्पीकर चालू करून फोन तळहातावर धरला. ती माझ्या समोर बसली, आयान खांद्यावर. मुलं गोळा झाली. पलीकडे घंटी वाजत होती आणि अक्का माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"हॅलो?" बाईचा आवाज आला. मागे मागांचा खडखडाट.

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. ती घाबरली. "आईला काय झालं?"

"काही नाही. त्या समोर बसल्यात. त्यांना तुमच्याशी—"

"उचलला?" अक्काने मला विचारलं.

मी मान हलवली.

अक्का फोनकडे वाकली आणि जणू गल्ली ओलांडून भिवंडीलाच ऐकू जायला हवं अशी बोलली. "शैला, मी हाय गं. तुझं खरं हुतं. मला न्हाई येत ऐकू. पोरांचं बी न्हाई. आज कळलं मला. ओंकारला नेलंस ते बरं केलंस, बाई. लई बरं केलंस."

पलीकडून काहीच आलं नाही. मागांचा आवाज मात्र कमी होत गेला. ती फोन घेऊन शेडबाहेर आली असावी.

"काय म्हणती?" अक्काने विचारलं.

"काही नाही."

"ठिवला फोन?"

"नाही."

मग ते सुरू झालं. शब्द नव्हते त्यात. एक मोठी बाई तोंडावर हात दाबून रडत होती आणि ते हाताबाहेर येत होतं. अक्काची नजर माझ्या ओठांवर होती. जे ऐकू येतंय ते मी ओठांनी दाखवावं म्हणून ती थांबली होती, आणि मला ते करता येईना.

तिने हात पुढे केला. फोन घेतला नाही. माझ्या तळहाताखालून दोन बोटं त्याच्या पाठीला लावली, अगदी हलकी, चालत्या सुताला लावतात तशी. डोळे मिटले. माझ्या हाताला त्या फोनची बारीक थरथर मघापासून लागत होती, पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

"रडतीया," अक्का म्हणाली.

बिट्टीने माझ्याकडे पाहिलं. बरोबर आहे का, असं.

"लहानपणी असंच रडायची," अक्का म्हणाली. "थांबून थांबून." तिची बोटं तिथेच होती. "मॅडम, हात हलवू नका जरा."

मी हात हलवला नाही.